फुलीपाशी सही

मी सामान्य माणूस आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. वडिलांनी ते दहावीच्या निकालाच्या दिवशी सांगितलं, बी.कॉम.च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि बँकेत क्लार्क म्हणून चिकटल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. परंतु हे सगळं तोंडी होतं. लेखी पुरावा नव्हता. तो मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मिळाला. आमच्या जिल्ह्याच्या गावात एक कॉलेज आहे. तिथून पत्र आलं. ‘आमच्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीवर आपली “सामान्य व्यक्ती” या जागी नेमणूक करण्यात येत आहे,’ असं त्यात स्वच्छ टाइप केलेलं होतं. खाली सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक.

सौ.ने पत्र दोनदा वाचलं.

“जागा असते होय ही? मला आपलं वाटत होतं, स्वभाव आहे.”

आईने आतून विचारलं, “पैसे किती देतात?”

“जाण्यायेण्याचं भाडं आणि चहा.”

“मग बँकेपेक्षा बरं. तिथे चहा तू स्वतःच्या पैशाने पितोस.”

आता ही जागा मला मिळाली कशी, ते सांगायला हवं. हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. खिडकीच्या पलीकडे मात्र आमचं नाव अजूनही ‘अहो, जरा इकडे बघा’ हेच आहे. त्या खिडकीवर एकदा एक डॉक्टर मॅडम के.वाय.सी.चे कागद घेऊन आल्या. सर्व्हर बंद होता. सर्व्हर बंद पडला की बँकेत माणुसकीला ऊत येतो, त्याप्रमाणे आमच्या गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता मॅडमनी एकदम मुलाखत घेतल्यासारखं विचारलं, “तुमचा वैद्यकीय क्षेत्राशी काही संबंध?”

“ॲसिडिटीपुरता.”

“गेल्या पाच वर्षांत आरोग्याशी संबंधित काही काम?”

“मेडिक्लेमचा फॉर्म भरला होता. नामंजूर झाला.”

“उत्तम! आणि इथली भाषा, इथले रीतिरिवाज वगैरे माहीत आहेत?”

“मॅडम, एकोणीस वर्षं खिडकीवर बसतोय. इथली भाषा रोज ऐकतो. त्यातली बरीचशी लिहून दाखवता येणार नाही.”

मॅडम खूश झाल्या. त्या ह्या समितीच्या सदस्य-सचिव निघाल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आय.सी.एम.आर.ने, २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत त्यांत अशा समितीची सगळी कुंडली मांडलेली आहे. सात ते पंधरा सभासद. निम्मे तरी संस्थेबाहेरचे. अध्यक्ष बाहेरचा, सचिव आतला. डॉक्टर हवेत, कायदा जाणणारा हवा, समाजशास्त्रातलं कुणी हवं, आणि शेवटी एक लिहितावाचता येणारा, गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय व्यवसायाच्या वाटेला न गेलेला, असा साधा माणूस हवा. हजारो माणसांत नेमका तोच कुणाला सापडत नव्हता. आमच्या देशात सल्ला देणारे वैद्य गल्लोगल्ली असल्यामुळे असेल कदाचित.

बातमी वाड्यात पसरली. शेजारचे नाना संध्याकाळी मुद्दाम आले. ‘नीतिमत्ता समिती’ म्हटल्यावर त्यांनी स्वतःची अशी समजूत करून घेतली होती की, संध्याकाळी धरणाच्या भिंतीवर जोडीजोडीने बसणाऱ्या पोरापोरींचा बंदोबस्त आता माझ्याकडे आला. मी त्यांना समजावून सांगितलं की नाना, तसं नाही. विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी कुणी माणसांचं रक्त काढतं, कुणी वजन घेतं, कुणी नुसते प्रश्न विचारतं. अशा माणसांना काही इजा होऊ नये, त्यांना फसवलं जाऊ नये, त्यांची गुपितं बाहेर फुटू नयेत, म्हणून काम सुरू करण्याआधी आमची मंजुरी घ्यायची.

“नुसते प्रश्न विचारायलासुद्धा मंजुरी?”

“हो.”

“मग आमच्या घरी रोज रात्री ‘कुठे होतात, कोण होतं बरोबर, एवढा वेळ का लागला’ ह्या प्रश्नावलीला कुणी मंजुरी दिली?”

घरगुती पाहणी समितीच्या कक्षेत येत नाही, असं सांगून मी त्यांना कटवलं. त्या वाक्याची फळं मला पुढे भोगावी लागणार होती.

पहिल्या बैठकीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या उजवीकडे औषधशास्त्राचे डॉक्टर, डावीकडे वकीलसाहेब, समोर समाजशास्त्राच्या बाई. दाराजवळ एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. तेही ‘सामान्य व्यक्ती’च होते, पण माझ्याआधी दोन वर्षं नेमलेले. सामान्यपणातही सीनियॉरिटी असते हे मला तिथे कळलं. निदान पाच सभासद हजर असल्याशिवाय निर्णय होत नाही आणि त्यांत आम्हा दोघांपैकी एक तरी असलेला बरा, असं मॅडमनी सांगितलं. उभ्या आयुष्यात माझ्यावाचून काही अडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सुरुवातीला गुप्ततेच्या करारावर सही करायची होती. मॅडमनी कागद पुढे केला आणि मी सवयीने शेवटच्या पानावरची पेन्सिलची फुली शोधू लागलो. फुली नव्हती. “वाचून करा,” मॅडम म्हणाल्या. मी वाचला. आयुष्यात पूर्ण वाचून सही केलेला तो माझा पहिला कागद. त्या करारामुळेच पुढच्या हकिकतीतली विद्यार्थिनी, तिचा विषय आणि तिचं गाव मी बदललं आहे. माझं स्वतःचं काही बदललेलं नाही, कारण माझ्याविषयी तसा करार कुणी करून घेतलेला नाही.

मधल्या वेळेत बटाटेवडे आले. वडा हातात आला की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, “एक विचारू का? पोरं बिचारी वीस-बावीस वर्षांची. चार प्रश्न विचारून मार्क मिळवणार. त्यांच्यामागे एवढा कागदांचा ससेमिरा कशाला?”

औषधशास्त्राच्या डॉक्टरांनी वडा बशीत ठेवला. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. तिथे सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ साली सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय माणसं गोळा केली. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंशाचा रोग होता. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही. तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही उपचार करतोय, असं सांगितलं. फुकट जेवण दिलं, मेल्यावर पुरायचा खर्च देऊ केला. उपचार द्यायचेच नव्हते. रोग आपल्या गतीने माणसाला कसा खातो एवढंच पाहायचं होतं. पुढे पेनिसिलिन आलं, हा रोग त्याने बरा होतो हे सगळ्या जगाला कळलं, तरी ते ह्या माणसांना दिलं नाही. १९७२ साली वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा हे थांबलं.

“चाळीस वर्षं,” डॉक्टर म्हणाले. “आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना, माणसाच्या राजीखुशीशिवाय त्याच्यावर प्रयोग करायचा नाही असं १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं. त्यानंतरही हे पंचवीस वर्षं चालू राहिलं.”

माझ्या तोंडात एक कोटी तयार होती. ती मी वड्याबरोबर गिळली.

वातावरण हलकं करावं म्हणून पोस्टमास्तर म्हणाले, “आपल्या मुंबईत मात्र चांगलं उदाहरण आहे. प्लेगची लस शोधणारे हाफकिन. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी तयार झाले.”

“तयार झाले,” न्यायाधीश सावकाश म्हणाले. “तुरुंगातला कैदी ‘हो’ म्हणतो, तो किती ‘हो’ असतो?”

सगळे गप्प झाले. ह्या विषयावर मात्र माझा अधिकार होता. मी म्हणालो, “आमचे मॅनेजरसाहेब शनिवारी विचारतात, ‘उद्या रविवारचं जरा येणार का?’ मी हो म्हणतो. तेवढाच.”

मिनिटांच्या वहीत माझं हे पहिलं मत नोंदलं गेलं.

समाजशास्त्राच्या बाईंनी आणखी एक भर घातली. १९६१ साली येल विद्यापीठात मिलग्रॅम नावाच्या प्राध्यापकाने जाहिरात देऊन माणसं बोलावली. समोरचा चुकला की खटका दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, आणि दर चुकीला झटका वाढवत न्यायचा. झटका खोटा होता, समोरचा माणूस सोंग करत होता. पण खटका दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याने कां कूं केलं की करडा डगलेवाला शांतपणे सांगायचा, पुढे चालू ठेवा. पहिल्या चाळीस जणांतले सव्वीस जण शेवटच्या, म्हणजे ४५० व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. घामाघूम होत होते, थरथरत होते, तरी गेले.

“आणि ही माणसं कोण होती?” बाई म्हणाल्या. “कुणी गुंड नव्हते. टपालखात्यातले कारकून, शिक्षक, विक्रेते. अगदी सामान्य माणसं.”

पोस्टमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही दोघेही रीतसर नेमलेले होतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती मुलगी आली. नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होती. साठीच्या पुढच्या बायका रक्तदाबाच्या गोळ्या नेमाने का घेत नाहीत, आणि त्याचा एकटेपणाशी काही संबंध आहे का, असा तिचा विषय. तीस प्रश्न.

न्यायाधीशांनी विचारलं, “ह्यात सहभागी होणाऱ्यांना धोका काय?”

“काही नाही सर. रक्त काढायचं नाही, औषध द्यायचं नाही. नुसते प्रश्न आहेत.”

मग संमतिपत्र फिरलं. त्यात लिहिलं होतं: ‘मी, खाली सही करणार, याद्वारे लिहून देते की, उपरोक्त संशोधन प्रकल्पाचे स्वरूप, उद्दिष्टे, संभाव्य जोखीम व लाभ मला माझ्या आकलनीय भाषेत अवगत करून देण्यात आले असून, सदर प्रकल्पातून कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याचा माझा अधिकार अबाधित राहील याची मला पूर्ण जाणीव आहे.’

वाचल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्या बँकेच्या तारण-दस्ताची ही सख्खी धाकटी बहीण. तीच ठेवण, तोच नाकाचा शेंडा. इतर सभासदांना त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही, कारण सगळे मुद्दे त्यात होते. मी विचारलं, “हे साठीच्या बाईला कळेल का, घरी वाचून बघू?” मॅडम म्हणाल्या, “मुलीचं नाव-गाव काढून टाका आणि फक्त भाषा कळते का, तेवढंच बघा.” निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्या रात्री नऊच्या सुमाराला मी आईपुढे तो कागद ठेवला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सातवीपर्यंत शिकलेली, पण रोजचं वर्तमानपत्र निविदा आणि जाहीर नोटिशींसकट वाचते. तिने चष्मा लावला, कागद एकदा वरून खाली पाहिला आणि पेन मागितलं.

“कुठे सही करू?”

“अगं, वाच ना आधी.”

“तू आणलायस ना? मग वाचायचं काय त्यात? फुली कुठंय?”

आई हसत म्हणाली. पण मला एकदम दुसरीच एक बाई आठवली.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी खेड्यातल्या शाखेत होतो. मार्च अखेर होती. एक विधवा बाई तिच्या दिराबरोबर आली होती. दिराला पंपासाठी कर्ज हवं होतं, ही जामीनदार. मॅनेजर आतून ओरडत होते, “आटपा लवकर, आजच्या आज खतवायचंय.” मी तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि पेन्सिलच्या फुलीवर दाबला.

“कसला कागद हाय बाबा?”

“काही नाही मावशी. नुसता फॉर्म आहे.”

अडीच वर्षांनी ती नोटीस घेऊन खिडकीवर आली. “मी काय घेतलं तुमचं?” एवढंच तिने विचारलं. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. उत्तर देता आलं नाही. ते कर्ज पुढे कसंबसं मिटलं. त्यानंतर मात्र खिडकीवर मी दिसलो की ती दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायची, ती रांग कितीही मोठी असली तरी. माझ्या टेबलावर काही ४५० व्होल्टचा खटका नव्हता. शाईचं पॅड होतं. मॅनेजरसाहेबांचा डगलाही करडा नव्हता. पण ‘पुढे चालू ठेवा’ हे वाक्य मी ओळखलं.

‘नुसता फॉर्म आहे.’ ‘नुसते प्रश्न आहेत.’

इथे मी थांबायला हवं होतं. मला भाषा बघायला सांगितलं होतं, तेवढी बघून झाली होती. पण हातात प्रश्नावली होती, समोर साठीच्या पुढची, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी बाई होती, आणि घरगुती पाहणी समितीच्या कक्षेत येत नाही असं माझंच मत होतं. मी म्हटलं, बघू तरी. पहिले तेरा प्रश्न आईने पटापट सोडवले. गोळी कधी घेता, विसरता का, दवाखाना किती लांब. चौदावा प्रश्न असा होता: ‘आज सकाळपासून तुमच्याशी कोण कोण बोललं? काय बोललं?’

टीव्ही चालू होता. चिरंजीव मोबाईलमध्ये होते. सौ. शाळेच्या वह्या तपासत होती. मी पेन सरसावून बसलो होतो.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला नाही. मग उत्तर दिलं. छोटंच होतं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. ते काय होतं, ते शेवटी सांगतो. पंधराव्या प्रश्नापासून पुढचे प्रश्न मी विचारले नाहीत. एकाच घरात राहणाऱ्या बाईचं हे उत्तर असेल, तर खेड्यात एकट्या राहणाऱ्या बायकांच्या पुढ्यात हा प्रश्न टाकून मुलगी वही मिटून निघून गेली, की त्यांनी काय करायचं? धोका काही नाही म्हणे. रक्त काढायचं नाही म्हणे.

“हे तू कुणाला सांगणार नाहीस ना?” आईने विचारलं.

म्हणजे जो प्रश्न मी आधी विचारायला हवा होता, तो तिने मला नंतर विचारला.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. न्यायाधीशांपुढे उभं राहायची तशी सवय नाही, त्यामुळे आवाज आरोपीसारखा निघाला आणि तो प्रसंगाला शोभला.

“साहेब, मी एका माणसावर विनापरवाना संशोधन केलं.”

“सहभागी किती?”

“एक.”

“संमती घेतली होती?”

“विचारलंच नाही.”

“आपलं नातं?”

“आई.”

औषधशास्त्राचे डॉक्टर म्हणाले, “वयस्कर, त्यातून विचारणाऱ्याच्याच घरात राहणारी. ‘नाही’ म्हणणं तिला सगळ्यांत अवघड. जपायला हवं अशा गटात येते ही.”

“आमच्या बँकेत झालेल्या गोष्टीला मागाहून मंजुरी देतात,” मी आशेने म्हणालो. “पोस्ट-फॅक्टो म्हणतात त्याला.”

“इथे देत नाहीत,” न्यायाधीश म्हणाले.

मग मी चौदाव्या प्रश्नाविषयी आणि संमतिपत्राविषयी जे सांगायचं ते सांगितलं. म्हणालो, ही संमती नाही, हा दस्त आहे. ‘नाही म्हणता येतं’ ही ह्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट, ती ‘अबाधित’ ह्या शब्दामागे दडवून ठेवली आहे. ती बाईला सापडणार नाही. बाई फुली शोधील.

मुलीला आत बोलावलं. तिचा चेहरा उतरला. तीन आठवड्यांत आराखडा विद्यापीठात द्यायचा होता. वकीलसाहेबांनी सुचवलं, “चौदावा प्रश्न काढून टाका, म्हणजे मिटलं.”

मुलगी गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, राग मानू नका. पण तुमच्या घरी हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला ना? तो त्रास देतो म्हणून काढला, तर ह्या बायकांना तो विचारणार कोण? आणि मग त्या गोळ्या का घेत नाहीत, हे कळणार कसं?”

खोलीत शांतता झाली. वास्तविक मी त्या मुलीपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा आणि समितीचा सभासद. पण त्या क्षणी कोण कुणाची परीक्षा घेत होतं, ते सांगणं कठीण होतं. समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. प्रश्न विचारायलाच हवा. विचारू का, हे आधी विचारायला हवं.” मला वाटतं, त्या मिलग्रॅमपासून आतापर्यंतचा सगळा फरक ह्या एका वाक्यात होता.

मॅडमनी तोडगा काढला. मी मुलीला भाषेसाठी मदत करायची. आणि मदत केली म्हणून तिच्या प्रस्तावावर निर्णय होताना मी खोलीबाहेर बसायचं. नियमच आहे तसा. ज्याचा कुठे हात गुंतला आहे, त्याने निर्णयाच्या वेळी उठून जावं. हा नियम कर्जमंजुरीला लावला तर काही ठिकाणी खोलीत फक्त पंखा उरेल.

रविवारी मुलगी आमच्या घरी आली. सौ.ने पोहे केले. आम्ही ‘उपरोक्त’पासून छाटायला सुरुवात केली आणि दोन तासांनी एवढं उरलं:

‘मी कॉलेजात शिकते. माझ्या अभ्यासासाठी तुम्हाला तीस प्रश्न विचारायचे आहेत. अर्धा तास लागेल. विचारू का? नाही म्हणालात तरी चालेल. दवाखान्यातल्या गोळ्या तुम्हाला पहिल्यासारख्याच मिळतील. एखाद्या प्रश्नाने वाईट वाटेल. त्याचं उत्तर देऊ नका. मधेच पुरे म्हणालात, तर मी वही मिटेन. कुणी रागावणार नाही. तुमचं नाव मी कुठे छापणार नाही. ह्यातून तुम्हाला आज काही फायदा नाही. पुढे दुसऱ्या कुणाला होईल, अशी आशा आहे.’

जिला वाचता येत नाही तिला हे सगळं वाचून दाखवायचं, आणि त्या वेळी तिच्या बाजूचा, ह्या कामात कसलाही हितसंबंध नसलेला एक साक्षर साक्षीदार शेजारी बसवायचा, हा नियम मुलीने आधीच लिहिला होता. अंगठ्याला साक्षीदार आमच्याकडेही लागतो. आमच्याकडे तो शिपाई असतो आणि त्याला जेवायला जायचं असतं.

ह्या वेळी मी आईला आधी विचारलं, “वाचशील का? नको असेल तर राहू दे.” आईने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अशी भाषा तिने माझ्या तोंडून ऐकली नव्हती. मग तिने कागद पूर्ण वाचला. ‘आज काही फायदा नाही’ ह्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे आवडलं. पोर खरं बोलतेय.” आणि थोड्या वेळाने: “पण सगळं विचारून झाल्यावर काय? तू वही घेऊन जाणार. आम्ही तशाच बसायचं होय?”

मुलीने पेन खाली ठेवलं.

न्यायाधीश, वकील, डॉक्टर, पोस्टमास्तर आणि मी, अशा एवढ्या माणसांना जे सुचलं नव्हतं, ते सातवी पास बाईने एका वाक्यात विचारलं. मुलीने शेवटी दोन ओळी घातल्या. प्रश्न संपले की वही पिशवीत टाकायची आणि दहा मिनिटं नुसतं बसायचं, बाई बोलतील ते ऐकायचं. आणि पुढेही बोलावंसं वाटलं तर कॉलेजच्या समुपदेशक बाईंचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचा.

निर्णयाच्या दिवशी ती आणि मी बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. दोघांनाही घाम फुटला होता. वीस मिनिटांनी पोस्टमास्तर बाहेर आले. “मंजूर,” म्हणाले. “चौदाव्या प्रश्नासकट.” मुलीने आईसाठी पेढे दिले. ते घेतले तर नियमात बसतात का, असं मी मॅडमना विचारायला गेलो. परत येईपर्यंत पोस्टमास्तरांनी दोन खाल्ले होते.

खिडकीवर मी आता थोडा बदललो आहे. फुली अजून मारतो, त्याला इलाज नाही; पण सही घेण्याआधी जामीनदाराला सांगतो, “ताई, त्याने पैसे भरले नाहीत तर ते तुमच्याकडे मागणार. चालेल?” बहुतेक जणी म्हणतात, चालेल. गेल्या महिन्यात एक जण थांबली, कागद परत सरकवला आणि म्हणाली, “घरी विचार करून येते.” मागची रांग चिडली, मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून मान वर काढली. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं बरं वाटलेले दिवस फार थोडे.

राहता राहिलं चौदाव्या प्रश्नाचं उत्तर. हा लेख छापायला देण्याआधी मी आईला वाचायला दिला. नको असेल ते खोड, सगळाच नको असेल तर तसं सांग, म्हटलं. तिने दोन दिवस ठेवून घेतला. तिच्या ताटाशेजारी, देवाजवळ, उशाशी, सगळीकडे तो दिसत होता, आणि मी बँकेच्या तपासणीच्या वेळी फिरतो तसा घरात फिरत होतो. तिसऱ्या दिवशी तिने शेवटच्या पानावर वडील-नवऱ्यासकट पूर्ण नाव घालून सही केली. फुली नव्हती, तरी बरोबर जागी केली. मजकुरात एकच ओळ खोडली होती. जाड रेघ मारून, खालचं अक्षर दिसणार नाही अशी.

तेव्हा ते उत्तर इथे नाही. क्षमस्व. सहभागी व्यक्तीने तेवढ्यापुरती माघार घेतली आहे आणि तिचा तो अधिकार... नाही म्हणता येतं तिला, एवढंच.

इतकं मात्र सांगायला तिची हरकत नाही की, हल्ली रात्री नऊ ते साडेनऊ आमच्या घरातला टीव्ही बंद असतो आणि चिरंजीवांचा मोबाईल फडताळावर असतो. आईची गोळी विसरणंही कमी झालं आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का, हे सिद्ध करायला किती माणसं लागतात, मला माहीत नाही. मी सामान्य व्यक्ती आहे. तसं पत्र आहे माझ्याकडे.